समरूप शब्दांचे अर्थभेद : कुंभकोणम् परिसरातील मराठी आणि तमिळ

परकी भाषा शिकणाऱ्याला अपरिचित शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवितात. अपरिचित शब्द समोर आला की वाचक थांबतो, कोश उघडतो, जाणकाराला विचारतो. ओळखीचा शब्द भेटला की तो थांबत नाही, आणि आपण चुकलो हेही त्याला बहुधा कळत नाही. इंग्रजीच्या वाटेने जर्मन भाषेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव पहिल्या काही आठवड्यांतच येतो. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तू नव्हे, विष. 'बेकोमेन' म्हणजे होणे नव्हे, मिळणे. 'वेर' हा शब्द इंग्रजी 'वेअर'सारखा कानावर पडतो. पण त्याचा अर्थ 'कोण' असा आहे, 'कोठे' यासाठी 'वो' हा वेगळा शब्द आहे. १९२८ साली कोसलर आणि देरोकिन्यी या दोन फ्रेंच अभ्यासकांनी इंग्रजी व फ्रेंच यांच्यातील अशा शब्दांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना 'फसवे मित्र' असे नाव दिले. ते नाव पुढे भाषाभ्यासात रूढ झाले.

जर्मनमधील दुसऱ्या प्रकारचा गोंधळ भाषेच्या आतलाच आहे. 'शाइनबार' आणि 'आन्शाइनेंड' हे दोन्ही शब्द 'दिसणे' या एकाच कल्पनेतून निघालेले आहेत. काटेकोर लेखनात मात्र पहिल्याचा अर्थ 'केवळ वरवर तसे दिसते, वस्तुतः तसे नाही' असा होतो, आणि दुसऱ्याचा 'दिसते त्यावरून तसे असावे' असा. 'देरझेल्बे' आणि 'देर ग्लाइखे' यांतील भेद मराठी वाचकाला सहज कळेल : पहिला म्हणजे 'तोच', दुसरा म्हणजे 'तसाच'. दोन मित्रांनी तसाच सदरा घातला तर नवल नाही. दोघांनी एकाच वेळी तोच सदरा घातला तर मात्र अडचण आहे.

'तोच' आणि 'तसाच' यांतील हा भेद भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात फार महत्त्वाचा ठरतो. दोन भाषांत एकच संस्कृत शब्द आढळला म्हणजे तोच शब्द आढळला, असे गृहीत धरण्याची सवय आपल्याला आहे. पुष्कळदा तो 'तसाच' शब्द असतो, 'तोच' नसतो. हे पडताळून पाहण्यास कुंभकोणम् इतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल.

१

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम् हे तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ पर्यंत त्या गादीवर मराठी घराणे होते; मात्र १७९९ च्या तहानंतर प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या हाती गेला. या काळात कारभारी, पुरोहित, कीर्तनकार, सैनिक, कारकून अशा अनेक थरांतील मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. तमिळ शेजारी यांतील ब्राह्मण कुटुंबांना 'रायर' म्हणून ओळखतात. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात तमिळ, संगीतात तेलुगू, पूजेत संस्कृत अशी चार भाषांची वहिवाट या घरांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागली. कुंभकोणममध्ये सौराष्ट्री बोलणाऱ्या विणकरांचीही मोठी वस्ती आहे. ती भाषा मराठीहून वेगळी असूनही बाहेरचा माणूस पुष्कळदा दोहोंची गल्लत करतो.

जर्मन भाषाही या प्रदेशाला अगदीच परकी नाही. पूर्वेस किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत १७०६ साली त्सीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी उतरला. त्याच परंपरेतील फाब्रित्सिउस याने १७७९ मध्ये तमिळ-इंग्रजी कोश सिद्ध केला, आणि ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्‌झ (१७२६–१७९८) हा तर दुसऱ्या सरफोजींचा शिक्षकच होता. धर्मग्रंथाचे भाषांतर करताना या मंडळींपुढे पहिला प्रश्न हाच होता की, संस्कृतातून तमिळमध्ये आलेला शब्द वापरावा, तर तमिळ श्रोता त्यातून नेमके काय समजेल? आजच्या अनुवादकापुढचा प्रश्न याहून वेगळा नाही.

२

प्रथम संस्कृत मूळ असलेल्या शब्दांचा विचार करू. यांतील सर्वांत बोलका शब्द 'कल्याण' हा होय. मराठीत कल्याण म्हणजे हित, भले. तमिळमध्ये 'कल्याणम्' म्हणजे लग्न. 'कल्याण मंडपम्' म्हणजे आपले मंगल कार्यालय. आता शहाजी राजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) नावावर असलेल्या 'लक्ष्मीनारायणकल्याण' या नाटकाकडे पाहावे. मराठी नाटकाच्या आरंभकाळाची चर्चा या नाटकाचा उल्लेख केल्याशिवाय पुरी होत नाही. महाराष्ट्रातील वाचक शीर्षक वाचून 'लक्ष्मी व नारायण यांनी केलेले कल्याण' असा काही अर्थ मनात योजतो. वस्तुतः ते लक्ष्मी-नारायणाचे लग्न आहे. नाटक मराठी, कर्ता मराठी. शीर्षकातील शब्दाचा अर्थ मात्र कावेरीकाठचा आहे. दक्षिणेत देवाच्या विवाहोत्सवाला 'कल्याण उत्सव' म्हणतात, त्या परंपरेत हे शीर्षक सहज बसते. तेव्हा येथे लेखकाने मराठी शब्द चुकीच्या अर्थाने वापरला असे म्हणता येणार नाही. त्याच्या श्रोत्यांना जो अर्थ प्रथम सुचत होता, तोच त्याने घेतला.

मंगलवाचक शब्द लग्नाकडे वळणे मराठीलाही नवे नाही. 'मुलीचे कार्य उरकले' असे आपण म्हणतो तेव्हा कार्य म्हणजे लग्नच असते. आणि येथेच दुसरा, अधिक नाजूक धोका आहे. तमिळमध्ये 'कारियम्' म्हणजे सर्वसाधारणपणे काम किंवा बाब. परंतु घरगुती बोलण्यात विशिष्ट संदर्भात त्याचा अर्थ मृत्यूनंतरचा विधी असा होतो. मराठीतही 'उत्तरकार्य', 'दिवसकार्य' हे शब्द आहेत. पण नुसते 'घरी कार्य आहे' असे म्हटले तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहतो. तमिळभाषक शेजाऱ्याच्या मनात तेच वाक्य सुतकाची शंका उत्पन्न करू शकते. दोन्ही भाषा जाणणारी कुंभकोणमची व्यक्ती म्हणूनच लग्नासाठी 'कल्याण' हा शब्द पसंत करते, तर त्यात अपभ्रंश नाही, शहाणपण आहे.

'संसार' या शब्दाचा प्रवास असाच पाहण्याजोगा आहे. संस्कृतात जन्ममरणाचे चक्र, हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच, आणि तमिळ बोलीत 'संसारम्' म्हणजे पत्नी. अर्थ एकेक पायरी आकसत गेला आहे : सृष्टीपासून घरापर्यंत, घरापासून घरधनिणीपर्यंत. 'वासना' या शब्दाने मात्र वळण बदलले. मराठीत वासना म्हणजे इच्छा, विशेषतः अनावर इच्छा. तमिळमध्ये 'वासनै' म्हणजे वास, बहुधा सुगंध. फुलांच्या किंवा ताज्या काफीच्या 'वासनै'चे कौतुक कोणी केले, तर अनुवादकाने दचकू नये. आपल्याकडे 'वास' आणि 'सुवास' हे शब्द ज्या कुळातले, त्याच कुळातला हा शब्द आहे.

'समाधान' हा शब्द तर पाच भाषांत पाच छटा दाखवितो. मराठीत तृप्ती, हिंदीत प्रश्नाचे निराकरण, तेलुगूत उत्तर, तमिळमध्ये शांतता किंवा सलोखा, कन्नडमध्ये सांत्वन व शांती. दोन राज्यांमधील 'समादानम्' झाले असे तमिळ कागद सांगतो, तेव्हा ती राज्ये तृप्त झाली असे नसते. त्यांच्यात तह झालेला असतो. 'अवसर' मराठीत व हिंदीत संधी किंवा वेळ, तमिळ आणि कन्नडमध्ये घाई, तेलुगूत गरज. 'अवकाश' मराठीत पोकळी आणि सवड, हिंदीत सुट्टी, तेलुगू व कन्नडमध्ये संधी, तमिळमध्ये मुदत. 'अभिमान' मराठीत गर्व किंवा सार्थ गौरव. तमिळमध्ये 'अभिमानम्' म्हणजे आपुलकी, ओढ. 'विकट' मराठीत भयंकर किंवा बिकट. तमिळमध्ये 'विकटम्' म्हणजे विनोद, आणि विनोद करणारा तो 'विकटन'. १९२६ साली सुरू झालेल्या 'आनंद विकटन' या साप्ताहिकाचे नाव वाचून मराठी वाचकाला आनंद आणि विक्राळपणा यांचा मेळ लागत नाही, त्याचे कारण हे आहे.

व्यवहारातील दोन शब्द येथे केवळ नोंदवून पुढे जाऊ. 'विवसायम्' हे मराठी 'व्यवसाय'चेच रूप. परंतु तमिळमध्ये त्याचा अर्थ शेती. 'उद्योगम्' म्हणजे नोकरी. तेव्हा 'उद्योग सोडून विवसाय धरला' या अर्थाचे तमिळ वाक्य म्हणजे नोकरी सोडून शेतीकडे वळल्याची हकीकत असते. कारखाना बंद करून दुकान काढल्याची नव्हे.

३

साहित्याच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा गट म्हणजे वाङ्मयप्रकारांची नावे. 'इतिहास' मराठीत घडून गेलेल्या घटनांचा वृत्तान्त. तमिळमध्ये 'इतिकासम्' म्हणजे रामायण-महाभारतासारखे महाकाव्य. 'चरित्र' मराठीत एका व्यक्तीचे. तमिळमध्ये 'चरित्तिरम्' म्हणजे इतिहास. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजींनी कोरविलेला विस्तृत मराठी लेख 'भोसलेवंशचरित्र' म्हणून ओळखला जातो. त्यात एका पुरुषाचे चरित्र नाही, संपूर्ण घराण्याचा इतिहास आहे, आणि 'चरित्र' या शब्दाचा तमिळ अर्थ लक्षात घेतला की ते नाव अधिक स्वाभाविक वाटू लागते.

'उपन्यास' हिंदीत व बंगालीत कादंबरी. तमिळमध्ये 'उपन्यासम्' म्हणजे धार्मिक प्रवचन किंवा व्याख्यान. 'प्रसंग' मराठीत घटना. तमिळमध्ये 'पिरसंगम्' म्हणजे भाषण. 'वचन' मराठीत शब्द दिला त्या अर्थी प्रतिज्ञा, कन्नडमध्ये शिवशरणांची गद्यकाव्ये, तमिळमध्ये गद्य आणि नाटक-सिनेमातील संवाद. 'साहित्य' मराठीत वाङ्मय, शिवाय स्वयंपाकाचे किंवा पूजेचे सामानही. कर्नाटक संगीताच्या परिभाषेत 'साहित्यम्' म्हणजे गीताचे शब्द, स्वररचनेहून वेगळे काढलेले. संगीताच्या पुस्तकात 'साहित्य उत्तम आहे' असे वाक्य आले तर ते संपूर्ण वाङ्मयाविषयी नसून त्या एका गीताच्या पदरचनेविषयी असते.

सर्वांत गुंतागुंतीचा शब्द 'कीर्तन' हा होय. महाराष्ट्रात कीर्तन म्हणजे पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, अभंग, निरूपण यांनी बनलेला प्रयोग. तमिळ प्रदेशात 'कीर्तनै' म्हणजे एक गेय रचना. मराठी कीर्तनासारख्या प्रयोगाला तेथे 'हरिकथा' किंवा 'कथाकालक्षेपम्' म्हणतात. यातील 'कालक्षेप' शब्दाने मराठी वाचक हमखास फसतो, कारण आपल्याकडे कालक्षेप म्हणजे वेळ घालविणे, किंबहुना दिरंगाई. तमिळ प्रदेशात मात्र भगवंताच्या कथेत काळ घालविणे म्हणजे काळाचा सदुपयोगच, या भावनेने तो शब्द गौरवाचा झाला.

हा गोंधळ विशेष लक्षात ठेवण्याचे कारण असे की, या ठिकाणी शब्दांची देवघेव प्रत्यक्ष प्रयोगांच्या देवघेवीबरोबर झालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर या मराठी कीर्तनकाराच्या तंजावरातील कीर्तनांनी तेथील कलावंतांवर खोल ठसा उमटविला, आणि तंजावरच्या कृष्ण भागवतर (निधन १९०३) यांनी त्या पद्धतीला तमिळ वळण देऊन हरिकथेचे रूप सिद्ध केले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची नावे त्या वाटेने तमिळ हरिकथेत गेली. तेथे 'दिंडी' म्हणजे केवळ छंद. पालखीबरोबर चालणारी वारकऱ्यांची दिंडी किंवा मोठ्या दरवाजातील लहान दिंडी हे अर्थ त्या शब्दाबरोबर गेले नाहीत. प्रवासाला निघालेला शब्द आपले सगळे सामान घेऊन जात नाही.

'लावणी'च्या बाबतीत तर सामानच बदलले. महाराष्ट्रात लावणी म्हटले की शृंगार आणि ढोलकीचा फड आठवतो. तंजावर भागातील तमिळ 'लावणि' म्हणजे कामदहनाच्या सणाला दोन पक्षांनी गाऊन केलेला वाद. शंकराच्या तृतीय नेत्राने मदन जळाला असे एक पक्ष सांगतो, जळला नाही असे दुसरा. मराठी वाचकाने याला शाहिरी लावणीच्या मापाने मोजू नये. कलगी आणि तुरा यांच्या सवालजवाबाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

४

तिसरा गट कचेरीतून आलेल्या शब्दांचा. 'कचेरी' हाच शब्द घ्यावा. मराठीत ती सरकारी कामकाजाची जागा. तमिळमध्ये 'कच्चेरि'ला तोही अर्थ आहे. परंतु आज तो शब्द उच्चारताच तमिळ श्रोत्याच्या मनात गायनाची मैफल येते. मंडळींनी एकत्र बसणे, ही या दोन अर्थांना जोडणारी कल्पना मानता येईल. 'राजीनामा' मात्र मराठी व तमिळमध्ये सारखाच नोकरी सोडल्याचा कागद आहे. हिंदीत त्याचा मूळचा, तडजोडीच्या लेखाचा अर्थ टिकून आहे. अशा उदाहरणांवरून एक गोष्ट दिसते. मराठी आणि तमिळ नेहमी विरुद्ध बाजूंना उभ्या असतात असे नाही. काही शब्दांत त्या दोघी एकीकडे आणि उत्तरेकडील भाषा दुसरीकडे, अशीही वाटणी होते.

चौथा गट निव्वळ योगायोगाचा. तमिळ 'ताय्' म्हणजे आई. मराठी 'ताई' म्हणजे थोरली बहीण. तमिळ 'पाट्टि' म्हणजे आजी. मराठी 'पाटी' लिहायची किंवा डोक्यावर घ्यायची. तमिळ घरात 'अप्पा' हा थेट बाप असतो. मराठीत ते आदराचे संबोधन आहे. आणि फसण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचेही कारण नाही : विदर्भात 'सांबार' मागितले तर कोथिंबीर मिळते. या गटातील चुका हसण्यावारी नेता येतात, कारण त्या लगेच उघडकीस येतात. धोका आधीच्या गटांचा मोठा आहे. तेथे चुकीचा अर्थही वाक्यात ठीक बसतो.

५

काही गोंधळ मात्र अर्थाचा नसून लिपीचा असतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. तीच गोष्ट ट, त आणि प या वर्गांची. त्यामुळे 'कथा' आणि 'गदा' हे दोन्ही शब्द तमिळमध्ये 'कतै' असे एकाच रीतीने लिहिले जातात. 'पाप' शब्दाचे तमिळ रूप 'पावम्', आणि 'भाव' शब्दाचेही लिखित रूप तेच. संगीतविषयक लेखात हा शब्द आला तर तो बहुधा 'भाव' असतो. नीतिपर लेखात 'पाप'. आणि बोलण्यात कोणाला उद्देशून आला तर 'बिचारा'. 'भाग' आणि 'पाक' यांचीही अशीच एक मूर्ती होते. तमिळ वाचक संदर्भावरून योग्य उच्चार सहज करतो. लिपीवरून लिप्यंतर करणारा मराठी अभ्यासक मात्र अडखळतो.

याबद्दल तमिळ लिपीला उणे लेखण्याचे कारण नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांची निवड तेथेही वाचकालाच करावी लागते. ज्याला मोडी वाचता येते त्याला तमिळ लिपीची रीत समजण्यास वेळ लागू नये.

६

या सर्व उदाहरणांवरून अभ्यासकाला काही सावध नियम बांधता येतात. पहिला, शब्दाचे मूळ कळले म्हणजे अर्थ कळला असे समजू नये. मूळ हा शब्दाचा जन्म सांगते, सध्याचा पत्ता सांगत नाही. दुसरा, शब्दाचे सोबती पाहावेत. 'कल्याण'च्या शेजारी मंडप, मुहूर्त, वधू असतील तर लग्न. राज्य, प्रजा, लोक असतील तर हित. तिसरा, एका कोशावर विसंबू नये. मद्रास विद्यापीठाचा तमिळ शब्दकोश (१९२४–१९३६) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) एकाच वेळी उघडून ठेवावेत. तंजावरी मराठी मजकुराला तर दोन्हींची गरज असते, कारण त्याचे व्याकरण एका कोशाच्या भाषेचे आणि काही शब्दांचे अर्थ दुसऱ्या कोशाच्या भाषेचे असतात. चौथा, मजकुराचा काळ ध्यानात घ्यावा. जर्मन 'गिफ्ट' शब्दालाही एके काळी 'देणे' असाच अर्थ होता, आणि हुंड्याला जर्मन लोक 'मिटगिफ्ट' म्हणतात त्यात तो आजही शिल्लक आहे. म्हणजे जो शब्द आज फसवा मित्र वाटतो, तो जुना सख्खा नातेवाईकही असू शकतो.

पाचवी गोष्ट नियमापेक्षा वृत्तीची आहे. तंजावर-कुंभकोणमची मराठी ऐकून महाराष्ट्रातील माणूस पुष्कळदा दोनच शेरे देतो : 'किती जुनी मराठी!' किंवा 'किती चुकीची मराठी!' पहिला शेरा कौतुकाचा आणि दुसरा तुच्छतेचा. पण दोहोंत पुणेरी ग्रंथभाषा हीच फूटपट्टी गृहीत धरलेली असते. वर पाहिलेले 'कल्याण' जुनेही नाही आणि चुकीचेही नाही. साडेतीनशे वर्षे दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बोलीचा तो विचारपूर्वक केलेला व्यवहार आहे. चूक ठरविलेला शब्द बोलणारा संकोचाने गिळतो. शब्द गिळता गिळता वाक्य गिळतो. आणि घरात तमिळ हीच सोयीची भाषा होऊन बसते. ज्या बोलीला फारसे छापील वाङ्मय नाही, तिच्या बाबतीत अशा शेऱ्यांची किंमत मोठी असते.

तेव्हा अर्थभेदांचा हा विवेक केवळ अनुवादकाची सोय नव्हे. कुंभकोणमच्या घरातील एखादी आजी नातीच्या 'कल्याणा'ची गोष्ट सांगते, तेव्हा तिने मराठी शब्द चुकविला की मराठी शब्दाला एक अर्थ मिळवून दिला, हे ऐकणाऱ्याने आधी ठरविले पाहिजे. तेवढे त्याने नीट ठरविले, तर लक्ष्मीनारायणाचे ते जुने नाटकही त्याच्या हाती अधिक नेमकेपणाने येईल.